तीन टक्के इकडेतिकडे

मतदानाला पाच दिवस.
मतदान तिकडे, समुद्रापलीकडे,
आणि भांडण इथे, कमाटी बागेत,
बँडस्टँडच्या पायरीवर, सकाळी पावणेसातला.

घारपुऱ्यांनी रात्रीचे आकडे आणलेत
विजेच्या बिलाच्या पाठीवर उतरवून:
सत्तेचाळीस, सेहेचाळीस, बाकीचे कुंपणावर.
शेलतभाई म्हणतात, जवा दो ने घारपुरे,
गेल्या खेपेलाही हेच आकडेवाले होते,
पडले ना तोंडावर?
शेलतभाईंच्या मुलाची न्यू जर्सीत दोन मोटेल,
घारपुऱ्यांची नात ओहायोत, अजून व्हिसावर.
आम्हा पाच म्हाताऱ्यांची तिकडची मतं मिळून शून्य,
पण आवाज असा
की पलीकडच्या पिंजऱ्यातली माकडंसुद्धा गप्प.

मग सगळे माझ्याकडे वळतात.
सर, तुम्ही सांगा. तीन टक्के चूक म्हणजे नेमकी किती?
छत्तीस वर्षं मी हेच शिकवलं फतेगंजच्या वर्गांत:
शितावरून भाताची परीक्षा.
मात्र खालचा लागलेला असतो, वरचा कच्चा,
तेव्हा शीत कुठून उचललं ते आधी विचारा.
मुलं हसायची. परीक्षेत हेच लिहायची.

शिर्के जंगलखात्यातले. ते सहसा बोलत नाहीत.
आज बोलले:
विश्वामित्रीत मगरी मोजायचो आम्ही, थंडीत,
ऊन खायला काठावर येतात तेव्हा.
वर आली ती मोजली.
आली नाही तिचं मत कळतं
पाणी घरात शिरल्यावर.

पायरी हसून हसून हलली.
शेलतभाईंना ठसका लागला.
मी चष्मा पुसत बसलो.

कारण वाडीतलं एक घर, यादीतलं सातवं.
मी तेव्हा विद्यार्थी, एका पाहणीवर,
भरलेल्या अर्जामागे सव्वा रुपया.
तीनदा गेलो. तीनदा दार बंद.
आणि तिसऱ्यांदा आत स्टोव्हची फरफर होती,
मी कडी वाजवली तशी ती थांबली.
कुणीतरी हवा सोडली होती. अगदी सावकाश.
रकाने सगळे होते: वय, उत्पन्न, पसंती,
दार न उघडणाऱ्या माणसाचा रकाना नव्हता.
मी पानाच्या गल्ल्याशी उभा राहून
तिला बेचाळीस वर्षं दिली, दोन मुलं दिली,
आणि एक ठाम मत दिलं.
सव्वा रुपयातल्या चार आण्यांचं पान खाल्लं.

रात्री ऋजुताचा फोन. पेनसिल्व्हेनिया,
जिथल्या आकड्यांवर म्हणे सगळं अडलंय.
म्हटलं, काय गं, येतात का विचारायला लोक?
येतात ना. काल दोनदा आले.
मी दिवा मालवून जिन्यात बसून राहिले.
कुकरची शिटी होईल म्हणून
गॅससुद्धा बंद केला, बाबा.
अगं, पण मत कुणाला देणार आहेस?
लाइनीवर नुसता तिच्याकडचा फ्रिज ऐकू आला.
मग ती म्हणाली, तुम्हीपण?
आणि आईची गुडघ्याची गोळी विचारून ठेवून दिला.

आज चार दिवस.
घारपुऱ्यांकडे नवं बिल, म्हणजे गॅसचं,
सत्तेचाळीस, सत्तेचाळीस.
बरोबरी! म्हणून ते ओरडतात, जणू स्वतः धावून आलेत.
सर, तुमची ऋजुता तर ऐन रणात आहे,
तिचं काय? तिकडची हवा काय?

उत्तर जिभेवर तयार होतं.
इतकं तयार, की मलाच पानाचा वास आला.
बाकीचे वाकून बघत होते. शिर्के सोडून.
मी घारपुऱ्यांच्या हातातलं पेन घेतलं
आणि बिलाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलं:
दार बंद. आत कुणीतरी आहे.

घारपुऱ्यांनी ते दोनदा वाचलं, कागद लांब धरून.
मग विचारलं, खरोखर अडचणीत येऊन,
सर, हे कुणाच्या बाजूला धरू?